झरोक्यातले हात

"मग आळशाला पोसायचं तरी कुणी, महाराज?"

सोमगीर महाराज तूर निवडत होते. सुपातला एक खडा त्यांनी उचलला, डोळ्यांजवळ नेऊन पाहिला आणि बाजूला टाकला.

"बस," ते म्हणाले.

विश्वंभर तिडके बसला नाही. टेकडी चढून आल्यामुळे त्याला धाप लागली होती, आणि सकाळपासून जे भांडण चालू होतं ते अजून डोक्यात चालूच होतं. तालुक्याच्या निराधार समितीचा तो अध्यक्ष. म्हाताऱ्या-कोताऱ्यांचे, विधवांचे, अपंगांचे अर्ज तपासायचे आणि सरकारी मदत कुणाला द्यायची, कुणाला नाही, ते ठरवायचं, हे या समितीचं काम. मान मोठा आणि शिव्याशाप त्याहून मोठे. गेले पंधरा दिवस तो घरातून बाहेर पडला की कुणी ना कुणी अर्ज घेऊन पाय धरत होतं. पाय धरून घ्यायचासुद्धा माणसाला थकवा येतो, हे त्याला या वर्षी कळलं.

"एकच अर्ज राहिलाय," तो म्हणाला. "गिरजाबाईचा. ओढ्यापलीकडच्या वस्तीवरची. डोळे गेलेत, गुडघे गेलेत."

"मग?"

"पोरगा आहे ना! संतराम. तिशीतला, रेड्यासारखा. कमवता पोरगा असला की आई निराधार होत नाही, असा नियम आहे."

"कमवतो?"

"कमवतो कुठला! पितो. म्हणून तर म्हणतो, तिला पैसे दिले की ते त्याच्या घशात जाणार. सरकारनं काय त्याची दारू पुरवायची?"

महाराजांनी आणखी एक खडा काढला.

"आणि नरसिंग काय म्हणतो?"

नरसिंग मास्तर समितीतला दुसऱ्या बाजूचा माणूस. विश्वंभर आणि तो, दोघंही शाळकरी वयात याच मठात शिकलेले. तेव्हापासून भांडतात. मधे पक्ष वेगळे झाले, एवढाच फरक पडला.

"तो काय म्हणणार! म्हणतो, चोर सोडून संन्याशाला सुळी देता का? पितो पोरगा आणि उपाशी आईला मारता? म्हणतो, मोठ्यांनी सरकारचं कोटींनी फुकट खाल्लं तेव्हा तुमचा नियम कुठं झोपला होता?"

"बरोबर बोलतो."

"आणि मी काय चूक बोलतो? माझ्या गावात येऊन बघा, महाराज. आयतं मिळायला लागलं तसं पोरांनी काम सोडलं. दिवसभर पारावर पत्ते कुटतात. आईबापाच्या जिवावर जगतात आणि वर मिशीला पीळ देतात."

"तूही बरोबर बोलतोस." महाराजांनी सूप खाली ठेवलं आणि दोन्ही हातांनी गुडघे चोळले. "तुम्ही दोघंही चाळीस वर्षं बरोबर बोलताय. ऐकून ऐकून मला म्हातारपण आलं."

विश्वंभर नाइलाजानं बसला.

"मतं सारखी पडलीत. आता निकाल माझ्या सहीवर. चार वाजता बैठक आहे. नरसिंग म्हणाला, महाराज सांगतील ते मला मान्य. मीही म्हणालो, मान्य. तुम्ही एक शब्द सांगा, मी सुटतो."

"सुटायची घाई झालीय तुला."

"थकलोय मी, महाराज."

महाराजांनी सूप पुन्हा मांडीवर घेतलं. मागे चुलीपाशी दोन बाया भाकऱ्या थापत होत्या. तो आवाज तेवढा ऐकू येत राहिला...

"मीही या मठाची भाकरी खाल्लीय," विश्वंभर मग आपणहून म्हणाला. हे सांगितल्याशिवाय त्याला राहवायचं नाही. "दुष्काळात दोन वर्षं. पण फुकट नाही खाल्ली. रोज पहाटे येऊन अंगण झाडायचो. भाकरीची भाकरी, कामाचं काम. कुणाचे उपकार नाही ठेवले."

"तू झाडायचास?"

"म्हणजे? तुम्हाला माहीत नव्हतं?"

"मला वाटायचं, वाऱ्यानं कचरा जातो." महाराज हसले. पुढचे दोनच दात राहिले होते. "सांगायचंस की रे. झाडू तरी नवा आणला असता."

विश्वंभरला ते लागलं. दोन वर्षांच्या ज्या पहाटा तो आयुष्यभर छातीवर बिल्ल्यासारख्या मिरवत आला, त्यांची इथं कुणाला खबरच नव्हती.

तेवढ्यात बाहेर घंटा वाजली. जेवणाची वेळ झाली होती.

या मठातली वाढायची रीत जगावेगळी. मागल्या भिंतीत कमरेएवढ्या उंचीवर एक वीतभर झरोका आहे. भुकेल्यानं बाहेरून त्यात हात घालायचा आणि आत बसलेल्यानं हातावर दोन भाकरी ठेवायच्या, वर गोळाभर पिठलं. आतल्याला बाहेरचं तोंड दिसत नाही, बाहेरच्याला आतलं. नाव विचारायचं नाही, गाव विचारायचं नाही. मठाच्या मूळ पुरुषानं झरोका मुद्दाम इतका खाली पाडला, असं सांगतात. गवंड्याची चूक झाली, असंही सांगतात. कसंही असो, दीडशे वर्षं तो तसाच आहे.

"आज तू बस," महाराज म्हणाले. "माझे गुडघे दुखतात."

"मी?"

"हो. आणि तुला वाटेल त्याला दे. नसेल वाटत, त्याला देऊ नकोस."

चुलीपाशी भाकरी थापायचा आवाज थांबला. दोघी बाया एकमेकींकडे पाहायला लागल्या. झरोक्यातून आजवर कुणी रिकाम्या हातानं गेलं नव्हतं.

विश्वंभर झरोक्याशी जाऊन बसला. बाहेरून हा झरोका त्याच्या चांगल्या ओळखीचा होता. आतून तो पहिल्यांदाच पाहत होता.

पहिला हात आला. म्हातारा, भेगाळलेला, नखांत चुना अडकलेला. विश्वंभरनं भाकरी दिल्या.

दुसरा हात बाईचा. काचेच्या दोनच बांगड्या, त्यातली एक टवका उडालेली. त्यानं भाकरी दिल्या, पिठलं जरा जास्तच घातलं. आपल्याला हे काम जमतंय, असं त्याला वाटलं.

तिसऱ्या हातात घड्याळ होतं, चकचकीत पट्ट्याचं. विश्वंभर थबकला. घड्याळ घालून भीक मागायला येतात लोक! त्यानं एकच भाकरी ठेवली. हातानं ती घेतली आणि तो निघून गेला. हाताला तक्रार करता येत नाही. तो गेल्यावर मात्र विश्वंभरला उगीच वाटून गेलं, की घड्याळ चालू होतं की बंद, ते आपण पाहिलंच नाही.

आणखी पाच-सहा हात आले. प्रत्येकाची पारख करता करता त्याचं डोकं दुखायला लागलं.

मग तो हात आला.

दणकट, केसाळ, मनगटावर मळका लाल दोरा. अंगठ्याला जखम, चिंधी बांधलेली. आणि झरोक्यातून आत आला तो दारूचा वास. भर दुपारी.

विश्वंभरनं भाकरी उचलली आणि परत टोपलीत ठेवली.

हात तसाच राहिला. बोटं जराशी मिटली, पुन्हा उघडली...

"बाबा?" बाहेरून आवाज आला. झरोक्याशी बोलायचं नसतं, हे त्या हातालाही माहीत असणार. कारण पुढं तो काही बोलला नाही.

विश्वंभर हलला नाही. चुलीवरची भाकरी करपायला लागली तरी बायांचं तिकडं लक्ष नव्हतं.

हात थोडा वेळ थांबला आणि मागं गेला.

विश्वंभर ताडकन उठला, मठाला वळसा घालून बाहेर आला आणि कपाळावर हात धरून टेकडीच्या उताराकडे बघत राहिला. झोकांड्या देत एक माणूस खाली चालला होता. काल चौकशीच्या वेळी तहसीलच्या दारात पाहिलेला. संतरामच तो, गिरजाबाईचा पोरगा.

विश्वंभर जवळजवळ धावतच आत आला. पंधरा दिवसांत प्रथमच त्याला बरं वाटत होतं.

"ओळखला मी त्याला, महाराज! तोंड न बघता ओळखला. संतराम होता. हाताची पारख बरोबर निघाली की नाही?"

"बरोबर निघाली."

"काय सांगत होतो मी तुम्हाला!"

"आता गिरजाबाई काय खाणार?"

विश्वंभरला आधी समजलंच नाही.

"तिची भाकरी तोच नेतो," महाराज म्हणाले. "रोज. दोन वर्षं झाली."

"तो? आणि तुम्ही देता त्याच्या हातात? महाराज, वाटेत खात असेल तो!"

"खातो."

"तुम्हाला माहीत आहे?"

"माझे पाय चालत होते तेव्हा एकदा गेलो होतो तिच्याकडं. विचारलं, बाई, किती भाकरी मिळतात? म्हणाली, एक. मठात माणशी एकच देतात, असं पोरगं म्हणालं. वर मला म्हणाली, माझं पोरगं लई गुणाचं, ऊन म्हणत नाही, पाऊस म्हणत नाही, भाकरी आणतंय."

"मग त्याला तिथंच हाकलायचा नाही का?"

"हाकलला. एक माणूस लावला भाकरी पोचवायला. लगीनसराई आली, तो वाजंत्रीत गेला. दुसरा लावला. तो म्हणाला, झोपडीत घाण वास मारतो. मग तालुक्यातली चांगली माणसं पुढं आली. त्यांनी तीन दिवस पोचवली, फोटो काढले..." महाराजांनी हात हवेत नुसता हलवला. "शेवटी हाच आला परत. पिऊन येतो, पण येतो."

"चोर आहे तो, महाराज."

"आहे."

"आईच्या तोंडचा घास खातो."

"खातो."

"आणि तुम्हाला चालतं हे?"

महाराजांनी डोळे मिटले. त्यांना झोप लागली की काय, असं विश्वंभरला वाटलं...

"नाही चालत," ते म्हणाले. "रोज राग येतो. म्हणून त्या हाताला चार देतो आता. दोन पोचतात."

विश्वंभर खाली बसला. त्याच्याकडे उत्तरं नव्हती असं नाही. चार-सहा तरी होती, आणि एखादं तर सभेत टाळ्या घेईल असं होतं. पण त्यातलं एकही त्या उघडझाप करणाऱ्या बोटांपुढं टिकेना. त्याला त्या बोटांची लाज वाटत होती, आणि लाज वाटतेय याचा रागही येत होता.

त्यानं पिशवीतून कागद काढला, मांडीवर धरला आणि गिरजाबाईच्या नावापुढं सही ठोकली.

"घ्या. केली मंजूर. नरसिंगला हसायचं तेवढं हसू दे, आमच्या लोकांना काय बोलायचं ते बोलू दे."

त्याला एकदम हलकं वाटलं. महाराज काहीतरी म्हणतील म्हणून तो वाट पाहत राहिला. महाराजांनी कागदाकडे पाहिलंसुद्धा नाही.

"पैसे कधी मिळतील तिला?"

"आता मंजुरी झाली की... तपासणी, मग बँकेचं खातं, आधारचं बघावं लागेल, बोटांचे ठसे उमटतायत का... दिवाळीपर्यंत नक्की."

"आणि आज?"

विश्वंभरनं कागद घडी घालून पिशवीत ठेवला.

महाराज गुडघ्यांवर हात टेकून उठले. टोपलीतून त्यांनी दोन भाकरी घेतल्या, मधे पिठलं घातलं, फडक्यात गुंडाळून गाठ मारली आणि ते गाठोडं विश्वंभरच्या हातात दिलं.

"आज तिची भाकरी तू अडवलीस. ओढा ओलांडलास की उजव्या हाताला दुसरी झोपडी."

गाठोडं गरम होतं. विश्वंभरनं ते छातीशी धरलं आणि तो दारापर्यंत गेला. बाहेर ऊन रणरणत होतं. खाली ओढ्याचं कोरडं पात्र दिसत होतं, त्यापलीकडे वस्ती. जीप तिकडे जात नाही. जायला अर्धा तास, यायला अर्धा तास, वर म्हातारी दोन शब्द बोलणार. त्यानं घड्याळ पाहिलं. पावणेतीन झाले होते. बैठकीआधी दोन-चार जणांना भेटायचं कबूल केलं होतं. आणि झोपडीत संतराम असला तर?

तो दारातूनच वळला.

"महाराज, मी असं करतो. शिपायाला पाठवतो. लगेच, आत्ताच्या आत्ता. गुट्टे म्हणून आहे आपला, खाली जीपजवळच बसलाय. अगदी भरवशाचा माणूस आहे."

महाराज त्याच्याकडे पाहत राहिले. त्या पाहण्यात राग नव्हता. नुसता शीण होता...

मग त्यांनी हात पुढं केला. आशीर्वाद देतायत असं वाटून विश्वंभरनं डोकं खाली वाकवलं. महाराजांनी त्याच्या हातातलं गाठोडं काढून घेतलं, गाठ सोडली आणि ते भाकऱ्यांच्या टोपलीकडे वळले.

"थांब मग," ते म्हणाले. "चार बांधतो."