तिकडची आई

फार मागे एका ओढ्याकाठी खारींची वस्ती होती. सगळ्याजणी मोठ्या वडावर जमून पावसाळ्याच्या बेगमीचे चिंचोके फोडायच्या. एकदा ससाणा आभाळात घिरट्या घालू लागला, तेव्हा वस्तीच्या प्रमुख मोठ्या बाईंनी सांगितलं, "आपापल्या ढोलीत बसूनच फोडा." शेवंती खारीचं पिल्लू त्याच दिवसांत जन्मलं आणि आईच्या चिंचोके फोडण्याची कुटकुट ऐकत झोपायला शिकलं.

पुढे ससाणा निघून गेला. बाई म्हणाल्या, "आता एक दिवस वडावर, एक दिवस घरी."

"बाई, माझं पिल्लू त्या आवाजाशिवाय झोपत नाही हो."

"आमची काय आवाज ऐकून वाढली? होईल सवय."

वडावर जायला निघताना शेवंती पिल्लाला म्हणाली, "कुटकुट ऐकू आली की समज, आई जवळच आहे."

संध्याकाळी धावत परतली, तर ढोली रिकामी. शोधत शोधत ती पलीकडच्या जांभळीपाशी पोचली. बुंध्याशी पिल्लू गाढ झोपलं होतं आणि वर म्हातारा सुतारपक्षी वाळक्या फांदीवर चोच मारत होता.

"आलीस का पोरी," तो दमून म्हणाला. "दुपारपासून घरी जाईन म्हणतोय. थांबलो की हे उठतं, आणि आई गेली म्हणून रडतं."

दुसरा दिवस घरचा होता. शेवंती पिल्लाजवळ बसून चिंचोके फोडू लागली. पिल्लू उठून ढोलीच्या तोंडाशी गेलं आणि जांभळीकडे कान लावून बसलं.

"जरा थांब ना," ते म्हणालं. "तिकडची आई ऐकू येत नाही."