पोटदुखीवर खलबत्ता

एकदा एका वृद्ध बालवैद्यांच्या ओसरीवर एक आई आपल्या पंधरा वर्षांच्या मुलाला घेऊन आली. भोवती रडणारी तान्ही बाळे, त्यांना थोपटणाऱ्या आया, आणि मधोमध हा मिसरूड फुटलेला लांबडा मुलगा मान खाली घालून बसलेला. त्याच्या पोटात दुखे, आणि नेमके तालमीत जायच्या वेळी दुखे. असेच चालले तर वस्ताद त्याचे नाव कमी करणार होते. कुस्ती तर त्या पोराचा जीव की प्राण.

वैद्यांच्या तरुण शिष्याने आईला विचारले, “जेवतो का? झोप लागते का? पोट साफ होतं का?” आईने सगळी उत्तरे दिली. शिष्याने पोट तपासले, ओव्याची पुडी बांधली आणि हळूच म्हणाला, “गुरुजी, हा आता घोडा झालाय. याला मोठ्यांच्या वैद्यांकडे पाठवू या.”

वैद्यांनी आईला अंगणातल्या पारावर बसायला सांगितले. मुलाला आतल्या खोलीत नेऊन त्याच्यापुढे खलबत्ता सरकवला. “एवढी सुंठ कुटून दे रे बाळा.” आणि स्वतः त्याच्याकडे पाठ करून बाटल्या पुसत बसले. दाराशी उभ्या शिष्याला काही उमगेना.

बरीच सुंठ कुटून झाली. मग मुलगा बत्त्याकडे बघतच म्हणाला, “आजोबा, छाती पोरीसारखी फुगलीय. आत गाठ लागते. तालमीत उघडं व्हायची लाज वाटते.”

वैद्यांनी हात धुऊन गाठ नीट पाहिली. “या वयात पुष्कळ मुलांना येते ही. मलाही आली होती. आपोआप जिरेल. तरी महिन्याने दाखवायला ये.”

मुलाने डोळे पुसले. सुंठीमुळे, असे म्हणाला.

बाहेर आईने विचारले, “वैद्यबुवा, काय निघालं?”

“भिण्यासारखं काही नाही, बाई. बाकीचं तो सांगेल तेव्हा ऐक.”

दोघे गेल्यावर वैद्य शिष्याला म्हणाले, “तान्ह्याला बोलता येत नाही म्हणून आपण आईला विचारतो. यालाही बोलता येत नव्हतं, पण ते फक्त आईदेखत. आणि परक्या वैद्यापाशी तर त्याने तोंडच उघडलं नसतं. याला मी मांडीवर घेऊन औषध पाजलंय. मूल मांडीवर मावेनासं झालं म्हणून ते आपलं राहत नाही का?”

महिन्याने तो मुलगा आला, लाल मातीने माखलेला. आपल्या एका सोबत्याला त्याने दंडाला धरून आणले होते.

“याचंही पोट दुखतंय,” तो म्हणाला.

शिष्याने पोटाविषयी काहीच विचारले नाही. खलबत्ता पुढे सरकवला आणि पाठ फिरवून बाटल्या पुसू लागला.