हरिणीने अडवलेला उतार

एका जंगलातून एक नदी वाहत होती आणि तिच्या दोन्ही काठांवर हरणांचा एकेक कळप राहत असे. अलीकडच्या कळपाची म्होरकी होती एक प्रेमळ हरिणी. दर उन्हाळ्यात नदी ओसरली, की उताराच्या जागेवरून इकडची काही तरणी हरणं पलीकडे जात, तिकडची काही इकडे येत. एका वर्षी त्याच उतारावर मगरीने हरिणीचं पाडस ओढून नेलं. त्या दिवसापासून ती उतारावर आडवी उभी राहू लागली. "आता इथून कोणीही जाणार नाही," तिने सगळ्यांना बजावलं.

काठावरच्या उंच अर्जुनवृक्षावर एक म्हातारा वानर राहत होता. दोन्ही कळपांचे चांगले-वाईट दिवस तो वर्षानुवर्षं पाहत आला होता. तो खाली उतरून म्हणाला, "बाई, तुझं दुःख मोठं आहे. पण मागे दुष्काळात तुमचा कळप संपत आला होता, तो पलीकडून आलेल्या हरणांमुळे सावरला. त्यांच्याकडे रोग आला, तेव्हा तुमची हरणं तिकडे जाऊन राहिली. ही ये-जा थांबली, तर पडलेल्या कळपाला उभं कोण करणार?"

"तुझं लेकरू गेलं असतं, तर असं बोलला नसतास," हरिणी म्हणाली. वानर पुन्हा झाडावर चढून बसला.

मुलांनो, पुढची काही वर्षं हरिणीचंच खरं वाटावं अशी गेली. एकही पाडस मगरीच्या तोंडी पडलं नाही. कळप इतका वाढला, की कुरणात पाय ठेवायला जागा राहिली नाही. मग पलीकडे वणवा पेटला. एक तरणं हरीण म्हणालं, "तिकडे फार थोडी उरली असतील. आम्ही काहीजण जाऊ का?" हरिणीने नुसती नकारार्थी मान हलवली आणि ते मागे फिरलं. पुढच्या वर्षी पावसाने ओढ दिली. इकडचं गवत मुळापर्यंत खाऊन झालं होतं, तरी हरिणी उतारावरून हटली नाही. आयांचं दूध आटलं, पाडसं गेली, मागोमाग तरणी हरणंही गेली. उरल्या त्या हरिणीसह चार म्हाताऱ्या.

तेव्हा हरिणी स्वतः उतारावरून पलीकडे गेली. वणव्यानंतरच्या पावसात तिथे नवं गवत तिच्या खांद्याला लागेल इतकं वाढलं होतं. तिने हाक मारली. सगळं कुरण ती फिरली, पण कुठे खुराचा ठसासुद्धा दिसला नाही. परत येऊन ती झाडाखाली उभी राहिली.

"तिकडे चारा आहे आणि खायला कोणी नाही," ती म्हणाली. "ज्यांना मी जपायला म्हणून अडवलं, ती तिथे जगली असती."

वानर खाली उतरला. मग म्हणाला, "तुझ्या जागी मी असतो, तर कदाचित मीही अडवलं असतं."

त्या चौघी पलीकडे राहायला गेल्या. त्यांना पोटभर गवत मिळालं. पण त्या कुरणात पुन्हा पाडस जन्मलं नाही.

तात्पर्य : आपल्या माणसांना जपताना त्यांच्या वाटा बंद करू नयेत, येणं-जाणं थांबलं, की जपलेलंही हातात राहत नाही.