बोटवाट

शेवरे गावाच्या वर कातळाचा मोठा सडा, म्हणजे उघडा सपाट माळ, आहे. जुन्या दवाखान्याच्या मागच्या दारातून एक पायवाट निघते, सडा सरळ ओलांडते आणि कड्याच्या टोकाला जाऊन थांबते. तिथे ना देऊळ, ना विहीर, ना खाली उतरायला वाट. नुसता समुद्र. पाहुणे विचारतात, ही वाट जाते कुठे? मग भिकाजीअण्णा पडवळ कातळावर बसून घेतात. "कुठंच जात नाही. हिला बोटवाट म्हणतात," ते सांगतात, आणि पुढची हकिकत त्यांच्या आजीकडून आलेली.

खालच्या बंदरात आगबोटी लागत, तेव्हाची गोष्ट. मिशनच्या दवाखान्यात इझाबेल केर नावाची स्कॉटलंडची डॉक्टरीण होती. प्रेस्बिटेरियन पंथाची, सडसडीत, भरभर चालणारी. नवराही डॉक्टरच; तो इथेच तापाने गेला. मुलगी एफी आणि धाकटा जेमी तिकडे आजीपाशी शिकायला ठेवलेले. दर आठवड्याला आजीचं पत्र येई, खाली मुलांच्या दोन ओळी असत. बाई ती पत्रं एप्रनच्या खिशात घालून हिंडायची म्हणे, इतकी की घड्यांवर कागद फाटायचा.

एका माघात आजीचं पत्र आलं: एफीला घटसर्प झालाय.

पत्र महिन्यापूर्वीचं होतं, आणि बाई डॉक्टर होती. घटसर्पाचं मूल आठ-दहा दिवसांत इकडं तरी होतं नाहीतर तिकडं, हे तिला दुसऱ्या कुणी सांगायला नको होतं. म्हणजे जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. फक्त बातमी अजून समुद्रावर होती.

त्याच आठवड्यात शेवऱ्यात पटकी, म्हणजे कॉलरा, आली. दवाखान्याच्या पडवीत, अंगणात, फणसाखाली माणसं आडवी. गावात पटकी म्हणताच आगबोटीने बंदर टाळायला सुरुवात केली. दुपारी क्षितिजावर धूर दिसे, वाटे आता वळेल, आणि बोट तशीच दक्षिणेला निघून जाई. डाक तिच्याच पोटात.

बाईचे पाय एका जागी ठरेनात. रोग्याला मिठाचं पाणी पाजायची, हात धुवायची आणि मागच्या दाराने निघायची. कड्यापर्यंत जवळजवळ पळत. धूर नसला तरी थोडं थांबायची, दिसला तरी थांबायची, आणि परत. इथे असली की वाटे, आत्ता बोट वळली असेल. तिथे पोचली की वाटे, पडवीत कुणाची नाडी सुटली असेल. असं दिवसातून सात-आठदा. गवतात वाट पडली ती तेव्हा, असं सांगतात.

पटकीतून सगळ्यांत आधी उठली ती आनशी पडवळ, अण्णांची पणजी. ती उठली तोवर तिची सून गंगी आडवी झाली होती. एके दिवशी बाई कड्यावर गेलेली असताना गंगीला पेटके आले. बाई धापा टाकत परतली, तर आनशी दारात उभी.

"बाय, तुझा जीव हितं नाय," आनशी म्हणाली. "कुठं हाय?"

बाईने खिशातलं पत्र काढून दाखवलं. "माझी मुलगी. आठ वर्षांची. आहे की नाही, मला माहीत नाही."

आनशीला त्या कागदातलं एक अक्षर वाचता येत नव्हतं. तिने तो उलटसुलट पाहिला आणि परत दिला.

"तू माझी सून बघ. मी तुझी बोट बघतंय."

आणि ती काठी टेकत निघाली. दुसऱ्या दिवशी तिच्याबरोबर शेजारीण गेली. मग ज्यांची माणसं पडवीत होती त्या साऱ्याजणी पाळीपाळीने जाऊ लागल्या. परत आल्या की दारातूनच सांगत, "नाय वळली गं बाय." बाई मान हलवी आणि पुढच्या रोग्याकडे वळे.

चौथ्या आठवड्यात बोट वळली. आनशी स्वतः बंदरावर गेली आणि तीन पत्रं एकदम घेऊन आली. आत चांगलं आहे की वाईट, तिला कळायला मार्ग नव्हता. चढावर ती कितीदा थांबली म्हणे.

गंगीची पटकी उतरली होती, पण अंगात त्राण नव्हतं; बाई तिला पाणी पाजत होती. "खिडकीत ठेव," म्हणाली. वाटी संपेपर्यंत तिने तिकडे पाहिलं नाही. मग हात पुसले आणि पहिलं पत्र उघडलं.

"पोर?" आनशीने विचारलं.

बाईने मान हलवली. "गेली. आजीनं ते पत्र टाकलं, त्याच्या तिसऱ्या दिवशी."

आनशीने बोटांवर दिवस मोजायचा प्रयत्न केला. "म्हंजे आमी चालत होताव, तवा..."

"नव्हतीच ती. मी चालत होते तेव्हाही नव्हती."

दोघी भिंतीला टेकून बसल्या. गंगीने पाणी मागितलं तेव्हा बाई उठली. गंगी वाचली, तिच्याच नातवाकडून आपण हे ऐकतो आहोत.

दुसऱ्या दिवशी बाई बायकांना म्हणाली, आता कुणी जायला नको. आनशीने काठी खाली ठेवली नाही.

"धाकटा हाय ना तुझा?"

"आहे."

"मग मी जातंय."

यावर बाई पहिल्यांदा रडली, असं सांगतात.

दोन वर्षांनी ती जेमीला भेटायला निघाली. तिचं पत्र येईपर्यंत बायका रोज कड्यावर जात होत्या. पत्रात मराठीत एकच शब्द होता म्हणे: पोचले. ती परत आली की नाही, याबद्दल गावात दोन मतं आहेत. अण्णा दोन्ही सांगतात.

आजही दिवाळीनंतर बायका या वाटेवरचं गवत कापतात. आगबोटी बंद झाल्या, पण शेवऱ्याची पोरं आखातात दोहाला आहेत, जहाजांवर आहेत, कुणी इस्पितळात आहे. त्यांच्यासाठी वाट चालली जाते. नियम एकच: आपल्या लेकरासाठी आपण जायचं नाही, शेजारणीने जायचं. आणि जिचं लेकरू दूर असतं, ती तेवढा वेळ शेजारणीची चूल सांभाळते.