राणीच्या कुंडीतलं तण

ऐका तर. फार फार वर्षांपूर्वी, राजेलोकांना बायकोचं ऐकायची सवय नव्हती त्या काळी, एक राजा होता. (आता सवय झालीय म्हणतात, खरंखोटं देव जाणे!) त्याची राणी लांबच्या सड्यावरची, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावरची. लग्नात तिने माहेरून एक कुंडी आणली होती. कुंडीत दवबिंदूचं रोप. त्याच्या पानांवर चिकट थेंब चमकायचे. किडा बसला की अडकायचा आणि रोप त्याला सावकाश खाऊन टाकायचं. राजा पाहुण्यांना ते कौतुकाने दाखवायचा.

त्याच कुंडीत, माहेरच्या मातीतून, एक इवलंसं निळं फूल उगवलं. सड्यावर त्याला सीतेची आसवं म्हणतात. राणी रोज त्याच्यापाशी बसायची. पाऊस सरताना सडा असाच निळा होई, आणि आई हाका मारून दमली तरी ही पोर घरी येत नसे. पुन्हा एकदा तिथे जायला तिचा जीव तुटायचा. राजाला विचारलं की तो म्हणायचा, "इथे काय कमी आहे तुला?"

एके दिवशी त्याचं लक्ष गेलं. "माझ्या किडेखाऊ झाडाच्या कुंडीत हे तण कसलं?"

"राहू द्या ना," राणी म्हणाली. "इथे तेवढंच माझ्या ओळखीचं आहे."

"तण ते तणच!" म्हणत राजाने फूल खसकन उपटलं. मुळं होती एकमेकांत गुंतलेली. दवबिंदूही हातात आला.

राणीने कुंडी खिडकीत ठेवली आणि उरलेल्या नुसत्या मातीला रोज पाणी घालू लागली.

राजा चरकला. त्याने सड्यावरून दवबिंदूची रोपं मागवली, निवडून, धुऊन. एकही जगेना. शेवटी रोपं आणणारा म्हातारा म्हणाला, "महाराज, शेजार तोडून आणलेलं झाड कसं जगायचं?"

राजाने खिडकीकडे पाहिलं. राणी किती वाळली होती! "चल," तो म्हणाला, "तुझ्या माहेरी जाऊ." हे ऐकायला तिचे कान आसुसले होते. ती हमसून हमसून रडली.

सड्यावर ती मनसोक्त हिंडली. निघायच्या दिवशी राजाने भीत भीत विचारलं, "परत येशील ना?"

राणीने गवत, शेवाळ, निळी फुलं, दवबिंदू, सगळ्यांसकट मातीचं एक ढेकूळ उचललं आणि त्याच्या ओंजळीत ठेवलं. "धरा नीट," ती म्हणाली. "यातलं काही उपटायचं नाही."

म्हणून सांगते, बाळांनो आणि बाळांच्या आजोबांनो: आपण ज्याला तण म्हणतो, ते कुणाचं तरी माहेर असतं.