तारेची बांगडी

हत्यारांना वाचा होती तेव्हाची गोष्ट. दागिन्यांच्या विद्यापीठात चांदीची तार शिकायला गेली. तिला बांगडी व्हायचं होतं. निघताना तिच्या आईनं, चांदीच्या लगडीनं, बजावलं, "ठोके खा, पण भट्टीजवळ फिरकू नकोस गं बाई."

भट्टीची पाळी आली की तार चिमट्यामागे दडायची. ठोके खाऊन खाऊन ती इतकी कडक झाली, की वाकेचना.

आईला बोलावणं गेलं. "आगीत घालू नका हो पोरीला," ती रडकुंडीला आली.

"मग काय पदराखाली घडवू?" हातोडी म्हणाली. "तापली तरच मऊ होईल. अशीच ठोकली तर तुटेल."

लगडीनं लेकीकडे पाहिलं. मग चिमट्याला म्हणाली, "भाऊ, घट्ट धरा हं."

तार लाल झाली, मऊ झाली, गोल वाकली. तोवर आईनं डोळे गच्च मिटले होते. पण नको म्हटलं नाही.