उपाशी गाई आणि नवे गवत

एका माळाच्या कडेला गवतावर संशोधन करणारे एक केंद्र होते. तिथे हेमलताबाई नावाच्या शास्त्रज्ञ चाऱ्याच्या नव्या जाती तयार करत. अर्धे आयुष्य खपून त्यांनी एक गवत सिद्ध केले होते. ते पुरुषभर उंच वाढे, पाऊस हटला तरी हिरवे राही आणि माळावरच्या पवना गवताच्या दुप्पट भरे. काडी मात्र जाड होती. गाई तोंड लावून मागे सरत. हे केंद्रात सर्वांना ठाऊक होते, पण कुणी बोलून दाखवत नसे.

शेजारच्या गावाने आपले गायरान नांगरून तिथे हे नवे गवत पेरायचे मनावर घेतले होते. साऱ्या गावाच्या गुरांचे पोट त्या गायरानावर होते. म्हणून गाई ते कशा खातात, हे पाहायला गावकरी येणार होते.

आदल्या दिवशी केंद्राच्या गोठ्याचे अधिकारी केशरकर बाईंना म्हणाले, "मॅडम, आज संध्याकाळची वैरण मी बंद केलीय. उद्या बघा, गव्हाणीसकट खातील!"

बाई हसल्या. नको म्हणाल्या नाहीत.

सकाळी त्या गोठ्यात गेल्या, तेव्हा गाई रिकामी गव्हाण चाटत होत्या. बाईंना पाहून त्या हंबरल्या. आज या माझे गवत खातील, बाईंच्या मनात आले. आणि गायरान नांगरले, की दुसरे काही उरणार नाही म्हणून रोज खातील.

"कडबा टाका," त्या म्हणाल्या. "पोटभर टाका."

"अहो मॅडम, पाहुणे येतीलच आता! अर्धं आयुष्य पाण्यात जाईल तुमचं."

"जाऊ दे. टाका."

गावकरी आले. गव्हाणीत एकीकडे नवे गवत टाकले, दुसरीकडे पवना. गाईंनी नव्या गवताचा वास घेतला. एकदोघींनी शेंडे कुरतडले. मग साऱ्या पवन्याकडे वळल्या.

"गवत झकास आहे हो बाई," मागून कुणीतरी म्हणाले, "छप्पर शाकारायला!"

सगळे हसले. गावात सर्वांत जास्त गाई बायजाक्काच्या होत्या. ती तेवढी हसली नाही. तिने विचारले, "रातभर उपाशी ठेवल्या असत्या, तर?"

"तर खाल्लं असतं," बाई म्हणाल्या. "ठेवल्याच होत्या. सकाळी मी कडबा टाकायला लावला."

बायजाक्काने नव्या गवताची एक काडी उचलून मोडून पाहिली. "मंग आमी गायरान नांगरून बसलो असतो," ती म्हणाली.

बियाण्याची पोती केंद्रातच राहिली. केशरकर दिवसभर बाईंशी बोलले नाहीत. गावकरी निघाले, तेव्हा बायजाक्का फाटकाशी थांबली.

"दुसरं गवत कराल तवा आदी आमालाच सांगा, बाई. गाई आमच्या आणू. आन् चारूनच आणू."

तात्पर्य: अडलेल्याचा होकार म्हणजे पसंती नव्हे, आपल्या कामाची पारख भरल्या पोटाकडूनच करून घ्यावी.